वारसा इथे, वारस तिथे: ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यातील सांस्कृतिक वादाचा आढावा

ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्या तंट्यांत एजियन समुद्राची हद्द, सायप्रसची फाळणी आणि समुद्रतळावरील तेल-वायूचे हक्क यांची चर्चा अधिक होते. त्यांच्या जोडीने आणखी एक वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि सामान्य माणसाच्या रोजच्या आयुष्याशी त्याचा संबंध जास्त जवळचा आहे. इस्तंबूलची हागिया सोफिया ही वास्तू कोणाची, होमर आणि हिरोडोटस कोणत्या भूमीचे, बकलावा आणि कॉफी कोणाची, छायानाट्यातला विनोदवीर काराग्योझ कोणाचा, दुतोंडी गरुड कोणाचे चिन्ह, असे प्रश्न दोन्ही देशांत संसदेपासून फुटबॉलच्या मैदानापर्यंत विचारले जातात.

यांपैकी बहुतेक गोष्टींचे मूळ शोधायला गेले तर एकच धनी सापडत नाही. शतकानुशतके एका साम्राज्यात आणि अनेकदा एकाच गल्लीत राहिलेल्या लोकांनी त्या घडवल्या आहेत. वाद केव्हा आणि कशामुळे पेटतो हे मात्र सांगता येते. दोन्ही राष्ट्रे एकमेकांशी लढून जन्माला आली, हे त्याचे पहिले कारण. १९२३ च्या सक्तीच्या लोकसंख्या-अदलाबदलीत माणसे एका देशात गेली आणि त्यांची देवळे, घरे, कबरी दुसऱ्या देशात राहिल्या, हे दुसरे. वारसा आणि खाद्यपदार्थ यांची अधिकृत नोंद करणाऱ्या आंतरराष्ट्रीय याद्यांमुळे सामायिक चालीरीतींना मालमत्तेचे रूप आले, हे तिसरे आणि अलीकडचे.

एका साम्राज्यातून दोन राष्ट्रे

ऑटोमन सुलतान दुसरा मेहमेद याने २९ मे १४५३ रोजी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल, जिंकले आणि बायझंटाइन साम्राज्य संपले. पुढे आजच्या ग्रीसचा बहुतेक प्रदेश ऑटोमन अमलाखाली आला. या राज्यात प्रजेची विभागणी मुख्यतः धर्मावरून होई. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती प्रजा ‘रूम’ या गटात मोडत असे आणि तिच्या धर्माचा, विवाहाचा, वारसाहक्काचा कारभार कॉन्स्टँटिनोपलचा पॅट्रिआर्क, म्हणजे धर्मप्रमुख, पाहत असे. भाषेची सीमा धर्माच्या सीमेशी जुळत नव्हती. अनातोलियाच्या अंतर्भागातले कारामानली ख्रिस्ती घरात तुर्की बोलत आणि ती ग्रीक लिपीत लिहीत. क्रीट बेटावरच्या मुसलमानांची बोली ग्रीक होती.

१८२१ मध्ये ग्रीकांनी स्वातंत्र्याचा उठाव केला. त्याची शिक्षा म्हणून पॅट्रिआर्क पाचवा ग्रेगरी याला ईस्टरच्या दिवशी इस्तंबूलमधील धर्मपीठाच्या दरवाजावर फाशी देण्यात आले. तो मधला दरवाजा तेव्हापासून बंद ठेवला आहे. त्याच वर्षी पेलोपोनीजमधील त्रिपोलित्सा शहर पडल्यावर बंडखोरांनी तिथल्या मुसलमान आणि ज्यू रहिवाशांची कत्तल केली. पहिली घटना ग्रीक शाळांत शिकवली जाते, दुसरी तुर्की लेखनात येते, आणि दोन्ही एकाच पानावर क्वचितच दिसतात.

१८३० च्या लंडन करारनाम्याने ग्रीसचे स्वातंत्र्य मान्य झाले, पण तेव्हा बहुसंख्य ग्रीक नव्या राज्याच्या हद्दीबाहेरच होते. १८४४ मध्ये इओआनिस कोलेत्तिस या नेत्याने ‘मेगाली इदेआ’ म्हणजे महान संकल्पना मांडली. ग्रीकांची वस्ती असलेला सारा प्रदेश कॉन्स्टँटिनोपलसह एका राज्यात आणण्याचे ते स्वप्न होते. पहिल्या महायुद्धात ऑटोमन साम्राज्य हरल्यावर ते साकार होण्याची शक्यता दिसली आणि १५ मे १९१९ रोजी ग्रीक फौज स्मिर्ना, म्हणजे आजच्या इझमीर बंदरात उतरली. मुस्तफा केमाल यांच्या नेतृत्वाखालील तुर्की राष्ट्रवाद्यांनी १९२२ च्या ऑगस्टअखेर या फौजेचा निर्णायक पराभव केला. सप्टेंबरमध्ये स्मिर्ना जळाले. या लढ्याचे पडसाद भारतातही उमटले होते. मुंबईत केंद्र असलेल्या खिलाफत समितीने तुर्कांच्या मदतीसाठी निधी गोळा केला. ग्रीसमध्ये या पराभवाला ‘आशिया मायनरची आपत्ती’ म्हणतात, तर तुर्कस्तानात तेच ‘स्वातंत्र्ययुद्ध’ आहे.

३० जानेवारी १९२३ रोजी लोझान येथे अदलाबदलीचा करार झाला. कोणी कुठे जायचे हे धर्मावरून ठरले. सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसच्या वाट्याला आले. त्यांतले बहुसंख्य युद्धाच्या धामधुमीत आधीच पळून आलेले होते. साडेतीन ते चार लाख मुसलमान तुर्कस्तानात गेले. तुर्की बोलणारे कारामानली ‘ग्रीक’ ठरून ग्रीसला पोचले, तर ग्रीक बोलणारे क्रीटचे मुसलमान ‘तुर्क’ ठरून आयवालिकच्या किनाऱ्यावर वसले. इस्तंबूलचे ग्रीक, इम्ब्रोस आणि तेनेदोस या बेटांवरचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसमधले मुसलमान यांना करारातून वगळले होते. फेतिये शहराजवळचे कायाकोय, जुने नाव लेविसी, हे गाव या उलथापालथीत ओस पडले. छपरे कोसळलेली त्याची शेकडो दगडी घरे आजही डोंगरउतारावर उभी आहेत.

प्राचीन काळावरचा हक्क

आधुनिक ग्रीक राष्ट्रवादाने आपली परंपरा प्राचीन अथेन्सपासून बायझंटाइन काळामार्गे आजपर्यंत अखंड मानली. या मांडणीत ऑटोमन शतके परकीय अमलाची मधली खंडित पाने ठरली. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर हे डोळ्यांनी दिसते. ऑटोमन काळात पार्थेनॉनमध्ये मशीद होती. १६८७ मध्ये व्हेनिसच्या तोफांच्या माऱ्याने तिथला दारूसाठा उडून मंदिर फुटले आणि पुढे त्या भग्नावशेषांतच छोटी मशीद बांधली गेली. स्वातंत्र्यानंतर ती मशीद पाडली, टेकडीवरची घरे आणि तटबंदी हटवली, १८७५ मध्ये मध्ययुगीन फ्रँकिश बुरूजही उतरवला. आज पर्यटकाला दिसणारी टेकडी हे १९ व्या शतकाने निवडून ठेवलेले प्राचीनत्व आहे.

तुर्की प्रजासत्ताकापुढचा पेच वेगळा होता. मिलेटसचा थेल्स, एफेससचा हेराक्लिटस, हालिकार्नासस म्हणजे आजच्या बोद्रुमचा हिरोडोटस, आणि ट्रॉय नगरी, हे सगळे आजच्या तुर्की भूमीवरचे. पण जग त्यांना ग्रीक म्हणून ओळखते. १९३० च्या दशकात सरकारी पाठबळाने मांडलेल्या ‘तुर्की इतिहास सिद्धांता’ने ग्रीकांना वळसा घालून त्यांच्या आधीच्या हिटाइटांशी आणि सुमेरियनांशी तुर्कांचे नाते जोडले. त्या काळात स्थापन झालेल्या सरकारी बँकांची सुमेरबँक आणि एतीबँक ही नावे त्याच विचारातली आहेत. पुढे लेखक जेवात शाकिर काबाआच्ली, अझ्रा एरहात आणि सबाहत्तिन एयुबोलू यांच्या ‘निळा अनातोलिया’ या विचारप्रवाहाने वेगळी वाट धरली. आयोनियाची, म्हणजे या पश्चिम किनाऱ्यावरची प्राचीन संस्कृती अनातोलियाच्या मातीतली आहे, म्हणून तिच्यावर इथल्या आजच्या रहिवाशांचाही हक्क आहे, असे या मंडळींचे म्हणणे. एरहात यांनी कवी ए. कादिर यांच्यासोबत होमरचे तुर्कीत भाषांतर केले.

या विचाराला राजकीय उपयोग होताच. १९८८ मध्ये पंतप्रधान तुर्गुत ओझाल यांच्या नावाने फ्रेंचमध्ये निघालेल्या पुस्तकाने अनातोलियाचा हा सगळा वारसा पुढे करून तुर्कस्तान युरोपचाच भाग असल्याचे प्रतिपादन केले. ग्रीक-अमेरिकन इतिहासकार स्पिरोस व्रिओनिस यांनी १९९१ मध्ये पुस्तक लिहूनच त्याचा समाचार घेतला. अलीकडे हा झगडा पर्यटनाच्या जाहिरातीत उतरला आहे. तुर्कस्तानने आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या प्रसिद्धीसाठी ‘तुर्कएजियन’ हे नाव २०२१ मध्ये युरोपियन युनियनच्या बौद्धिक संपदा कार्यालयात नोंदवून घेतले. हे उघड झाल्यावर ग्रीसमध्ये मोठी ओरड झाली आणि आपल्या अधिकाऱ्यांनी वेळेत हरकत का घेतली नाही, असा जाब सरकारला विचारला गेला.

हागिया सोफिया आणि इतर वास्तू

या वादातली सर्वांत मोठी वास्तू अर्थातच हागिया सोफिया. सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेवरून अँथेमियस आणि इसिडोरस यांनी ती ५३२ ते ५३७ या काळात उभी केली. तिचा घुमट सुमारे ३१ मीटर व्यासाचा असून जमिनीपासून ५५ मीटर उंच आहे. ५५८ मध्ये तो कोसळला आणि पुन्हा बांधला गेला. नऊशेहून अधिक वर्षे ती मुख्यतः ऑर्थोडॉक्स जगाचे प्रमुख चर्च होती. १४५३ मध्ये मेहमेदने तिची मशीद केली आणि पुढच्या सुलतानांच्या काळात चार मिनार पूर्ण झाले. मोठमोठे आधारभिंतीचे खांब देऊन ऑटोमन वास्तुकारांनी ती भूकंपांत टिकवली, हा मुद्दा तुर्की बाजू आवर्जून मांडते आणि तो खरा आहे. आत आजही एकीकडे मेरी आणि येशू यांचे सोनेरी मोझेक, तर दुसरीकडे अल्ला, पैगंबर आणि खलिफा यांच्या नावांच्या प्रचंड वर्तुळाकार तबकड्या दिसतात. त्या तबकड्या १९ व्या शतकाच्या मध्यावर फोसाती बंधूंनी केलेल्या दुरुस्तीच्या वेळच्या आहेत.

२४ नोव्हेंबर १९३४ रोजी तुर्की मंत्रिमंडळाने तिचे संग्रहालय करण्याचा निर्णय घेतला. नव्या प्रजासत्ताकाच्या धर्मनिरपेक्ष धोरणाला तो साजेसा होता, शिवाय तेव्हा ग्रीसशी संबंधही सुधारलेले होते. १० जुलै २०२० रोजी तुर्कस्तानच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने हा निर्णय रद्द ठरवला. मेहमेदच्या वक्फनुसार ही वास्तू मशीद म्हणूनच वापरता येते, असा त्याचा आधार होता. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांनी ती धार्मिक व्यवहार खात्याकडे सोपवली. पहिल्या नमाजासाठी २४ जुलै हा दिवस निवडला गेला. १९२३ च्या लोझान शांतता तहाची ती तारीख. खात्याचे प्रमुख अली एर्बाश हातात तलवार घेऊन प्रवचनाच्या मंचावर चढले आणि मेरीच्या मोझेकवर पडदे ओढले गेले. त्याच दिवशी ग्रीसमधल्या चर्चमध्ये शोकाच्या घंटा वाजल्या आणि झेंडे अर्ध्यावर उतरले. इस्तंबूलचा ऐतिहासिक भाग १९८५ पासून जागतिक वारसा यादीत असल्यामुळे युनेस्कोनेही, आपल्याशी चर्चा न करता हा बदल झाल्याबद्दल खेद व्यक्त केला.

हे प्रकरण एकटे नाही. इझनिकची हागिया सोफिया २०११ मध्ये आणि त्राब्झोनची २०१३ मध्ये पुन्हा मशीद झाली. १४ व्या शतकातील मोझेक आणि भित्तिचित्रांसाठी प्रसिद्ध असलेले इस्तंबूलचे खोरा चर्च मे २०२४ मध्ये नमाजासाठी खुले झाले. उलट दिशेचे उदाहरणही आहे. त्राब्झोनजवळ कड्याच्या कपारीत बांधलेल्या सुमेला मठात १५ ऑगस्ट २०१० रोजी ८८ वर्षांनी पहिल्यांदा ऑर्थोडॉक्स प्रार्थना झाली. पॅट्रिआर्क बार्थोलोम्यू यांनी ती चालवली आणि तिला तुर्की सरकारची परवानगी होती.

ग्रीसमधील ऑटोमन वास्तूंची कहाणी याहून कमी ऐकू येते. बऱ्याच मशिदी पाडल्या गेल्या, काहींची गोदामे, चित्रपटगृहे किंवा संग्रहालये झाली. अथेन्सच्या मोनास्तिराकी चौकातली १७५९ ची मशीद अनेक वर्षे लोककलेच्या संग्रहाला वापरली गेली. थेस्सालोनिकीतील हमझा बे मशिदीत चित्रपटगृह चालत असे. त्याच शहरातील रोमन काळातली रोटुंडा आधी चर्च आणि मग मशीद झाली. तिच्याजवळचा मिनार हा शहरात उभा राहिलेला एकमेव मिनार आहे. दिदिमोतिहो गावातील १५ व्या शतकातली मोठी मशीद मार्च २०१७ मध्ये आगीत होरपळली. अथेन्समध्ये सरकारने बांधलेली मशीद अनेक वर्षांच्या विरोधानंतर नोव्हेंबर २०२० मध्ये उघडली आणि तिला मिनार नाही.

थेस्सालोनिकीतील एका घराचे वजन मात्र कोणत्याही मशिदीपेक्षा जास्त आहे. १८८१ मध्ये मुस्तफा केमाल यांचा जन्म झालेले हे घर तुर्की वकिलातीच्या आवारात असून तिथे संग्रहालय आहे. ६ सप्टेंबर १९५५ रोजी या घराजवळ बॉम्ब फुटल्याची बातमी इस्तंबूलमध्ये पोचताच जमावाने ग्रीकांची हजारो दुकाने, घरे आणि कित्येक चर्च लुटली. बॉम्बमागे तुर्की बाजूचेच लोक असल्याचे पुढे उघड झाले, पण तोवर इस्तंबूलच्या ग्रीक समाजाचे स्थलांतर सुरू झाले होते. १९६४ मध्ये ग्रीक नागरिकत्व असलेल्यांची हकालपट्टी झाली. करारातून वगळलेल्या, सुमारे एक लाख लोकांच्या या समाजातले आज अवघे काही हजार उरले आहेत.

झेंडे, गरुड आणि तारखा

ग्रीक झेंड्यावर क्रूस आहे, तुर्की झेंड्यावर चंद्रकोर आणि तारा. दोन धर्मांची दोन चिन्हे अशी ही मांडणी सरळ वाटते. इतिहासात ती तशी नाही. इस्लामच्या कितीतरी आधी, आजच्या इस्तंबूलच्या जागी असलेल्या बायझँटियम या ग्रीक नगराच्या नाण्यांवर चंद्रकोर आणि तारा कोरलेले सापडतात. तुर्की झेंडा तिथूनच थेट आला असे दाखवता येत नाही, पण हे चिन्ह इस्लाम येण्याआधीपासून त्या शहरात होते, एवढे निश्चित.

दुतोंडी गरुडाची गोष्ट याहून गुंतलेली आहे. बायझंटाइन काळाच्या अखेरीस तो राजघराण्याचे चिन्ह झाला आणि ऑर्थोडॉक्स चर्च आजही पिवळ्या झेंड्यावर तो वापरते. त्याच्या आधी अनातोलियातील सेल्जुक तुर्कांच्या वास्तूंवर तो दिसतो. १३ व्या शतकातल्या दिव्रिईच्या मशिदीवरचा कोरीव गरुड प्रसिद्ध आहे. आज तो तीन फुटबॉल क्लबांच्या छातीवर आहे. इस्तंबूलहून आलेल्या निर्वासितांनी १९२४ मध्ये अथेन्समध्ये एईके आणि १९२६ मध्ये थेस्सालोनिकीत पाओक हे क्लब काढले. पाओकच्या गरुडाचे पंख मिटलेले आहेत, कारण तो हरवलेल्या शहराचा शोक करतो, असे त्याचे चाहते सांगतात. सेल्जुकांची जुनी राजधानी असलेल्या कोन्याच्या तुर्की क्लबाचे बोधचिन्हही दुतोंडी गरुडच. २०२२ मध्ये उघडलेल्या एईकेच्या नव्या मैदानाला हागिया सोफियाचे नाव दिले आहे.

दिनदर्शिकेवरही हीच विभागणी दिसते. १९ मे हा तुर्कस्तानात युवक आणि क्रीडा दिन, कारण १९१९ मध्ये त्या दिवशी मुस्तफा केमाल सॅमसन बंदरात उतरले. ग्रीसने १९९४ मध्ये हाच दिवस काळ्या समुद्राकाठच्या, म्हणजे पोंतोसच्या ग्रीकांच्या संहाराचा स्मरणदिन ठरवला. २९ मे रोजी इस्तंबूलमध्ये विजयोत्सव होतो. ग्रीसमध्ये मंगळवार अशुभ मानतात, कारण १४५३ चा तो दिवस मंगळवार होता. ३० ऑगस्टचा तुर्की विजयदिन १९२२ मधील ग्रीक पराभवाचाच असतो.

चिन्हांवरून युद्धाची वेळ येऊ शकते हे १९९६ च्या जानेवारीत दिसले. एजियनमधील इमिया, तुर्की नाव कार्दाक, या दोन निर्जन खडकांवर कालिम्नोस बेटाच्या ग्रीक महापौरांनी झेंडा लावला. एका तुर्की वृत्तपत्राचे पत्रकार हेलिकॉप्टरने तिथे उतरले, त्यांनी तो काढून आपला लावला आणि त्याचे छायाचित्र छापले. मग दोन्ही देशांच्या युद्धनौका आणि कमांडो तिथे पोचले. तीन ग्रीक अधिकारी हेलिकॉप्टर कोसळून मरण पावले आणि अमेरिकेच्या मध्यस्थीने सैन्य मागे हटले. सायप्रसमध्ये निकोसियाच्या उत्तरेला डोंगरउतारावर रंगवलेला उत्तर सायप्रसचा प्रचंड झेंडा दक्षिणेकडच्या ग्रीक सायप्रियटांना रोज घरातून दिसतो.

ताटातला वाद

कॉफी येमेनमधून आली आणि १६ व्या शतकाच्या मध्यावर इस्तंबूलमध्ये तिची पहिली दुकाने निघाली. बारीक दळलेली पूड, पाणी आणि हवी तेवढी साखर लांब दांड्याच्या लहान भांड्यात एकत्र घालून मंद आचेवर ठेवायची, फेस वर येताच उतरायची, छोट्या कपात ओतायची आणि गाळ तळाशी बसला की प्यायची. शेजारी पाण्याचा पेला असतो. रिकामा कप बशीवर पालथा घालून गाळाच्या आकृतीवरून भविष्य सांगण्याची हौसही दोन्हीकडे आहे. भांड्याला तुर्क ‘जेझवे’ म्हणतात आणि ग्रीक ‘ब्रिकी’. ग्रीसमध्येही या पेयाला बरीच वर्षे ‘तुर्की कॉफी’च म्हणत. १९७४ मध्ये तुर्की सैन्य सायप्रसमध्ये उतरले आणि त्यानंतर ‘ग्रीक कॉफी’ हे नाव रुळले. पाककृतीत काडीचाही फरक पडला नव्हता. २०१३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत ‘तुर्की कॉफीची संस्कृती आणि परंपरा’ अशी नोंद झाली.

बकलावाच्या बाबतीत २००६ मध्ये ठिणगी पडली. युरोपियन युनियनच्या एका कार्यक्रमात सायप्रसचा गोड पदार्थ म्हणून बकलावा मांडला गेला आणि तुर्की मिठाईवाल्यांनी निदर्शने केली. २०१३ च्या अखेरीस गाझियानतेपच्या बकलावाला युरोपियन युनियनचे भौगोलिक मानांकन मिळाले. हा मान मिळवणारा तो पहिला तुर्की पदार्थ. पण या मानांकनाने बकलावावर मालकी मिळत नाही. त्या गावच्या विशिष्ट पद्धतीने, तिथल्या पिस्त्याने आणि तुपाने केलेल्या बकलावापुरतेच ते नाव राखीव होते. अक्रोडाचा ग्रीक बकलावा जसा होता तसाच विकला जातो. २०२१ मध्ये सायप्रसच्या चीजची नोंद ‘हालूमी’ आणि ‘हेल्लिम’ अशी दोन्ही नावांनी झाली. एकच पदार्थ दोन समाजांच्या नावे नोंदवता येतो, याचा हा दाखला आहे.

स्वयंपाकघरातून ‘तुर्कीपणा’ काढून टाकण्याचा सर्वांत पद्धतशीर प्रयत्न निकोलाओस त्सेलेमेंतेस या ग्रीक आचाऱ्याने केला. २० व्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचे पाकपुस्तक घरोघरी पोचले, इतके की पाकपुस्तकालाच ग्रीकमध्ये त्याच्या नावाने ओळखू लागले. ग्रीक जेवण तुर्की संगतीत बिघडले, असे त्याचे मत होते. मसाले कमी करून त्याने लोणी, मैदा आणि दूध यांचा फ्रेंच पांढरा सॉस ग्रीक पदार्थांवर आणला. आज जगभर ‘अस्सल ग्रीक’ म्हणून मिळणाऱ्या मुसाकावरचा जाड पांढरा थर त्याचीच देणगी. तुर्की मुसाक्कात तो नसतो. तुर्की प्रभाव पुसण्याच्या नादात पदार्थ फ्रेंच झाला, आणि त्यालाच पुढे राष्ट्रीय पदार्थाचा मान मिळाला.

पडदा आणि सूर

काराग्योझ आणि हाजिवात ही तुर्की छायानाट्यातली जोडी. बुर्सा येथे मशीद बांधणारे हे दोन कारागीर आपल्या थट्टामस्करीने काम थांबवत, म्हणून सुलतानाने त्यांना मारले आणि मग त्यांच्या आठवणीत खेळ सुरू झाला, अशी दंतकथा आहे. उंटाच्या कमावलेल्या, अर्धपारदर्शक कातड्याच्या रंगीत बाहुल्या दिव्यापुढे नाचवल्या जातात. ऑटोमन नगरातली सगळी माणसे, म्हणजे आर्मेनियन, ज्यू, अल्बेनियन, रूम आणि लाझ, आपापल्या बोलीसह पडद्यावर येत.

१९ व्या शतकात हा खेळ ग्रीसमध्ये रुजला आणि पात्रास शहरातील मिमारोस या कलावंताने त्याला ग्रीक वळण दिले. ग्रीक काराग्योझिस कुबडा, अनवाणी आणि सदा भुकेला आहे. पडद्याच्या एका टोकाला त्याची मोडकी झोपडी आणि दुसऱ्या टोकाला पाशाचा महाल असतो. तो पाशाला फसवतो, मार खातो, तरी भाकरीच्या शोधात पुन्हा उभा राहतो. त्याच्या साथीला रुमेलीचा धनगर काका बार्बायोर्गोस आणि झाकिंथोसचा टोपीवाला साहेब दिओनिसिओस अशी निव्वळ ग्रीक पात्रे आली, १८२१ च्या वीरांवर प्रयोग रचले गेले. नाव, जोडी आणि तंत्र समान. पण एकाच्या विनोदाचा विषय शहराचा गल्लीबोळ, तर दुसऱ्याचा परकी सत्तेखालची गरिबी. २००९ मध्ये युनेस्कोने काराग्योझची तुर्कस्तानच्या नावे नोंद केल्यावर ग्रीसमध्ये तक्रारी झाल्या. या यादीतल्या नोंदीने कोणालाही एकाधिकार मिळत नाही, शेजारचा देशही आपल्या परंपरेची नोंद करू शकतो, हे तेव्हा फारसे कोणी लक्षात घेतले नाही.

संगीतात दोन्ही राज्यांनी एकाच दशकात एकच धोरण राबवले. १९३४ मध्ये तुर्की नभोवाणीवरून पारंपरिक ऑटोमन संगीत बंद करण्यात आले, कारण ते ‘पौर्वात्य’ होते. ही बंदी सुमारे दोन वर्षे टिकली. ग्रीसमध्ये १९३६ मध्ये सत्तेवर आलेल्या मेताक्सास राजवटीने स्मिर्नाच्या निर्वासितांबरोबर आलेल्या ‘अमानेस’ या गायनप्रकारावर आणि रेबेतिको गाण्यांवर सेन्सॉरची कात्री चालवली, कारण ती ‘तुर्की’ होती. २०१७ मध्ये त्याच रेबेतिकोची ग्रीसच्या नावे युनेस्कोच्या यादीत नोंद झाली. बल्गेरियन दिग्दर्शिका आदेला पीवा यांनी २००३ च्या ‘हे गाणे कोणाचे?’ या माहितीपटात एका चालीचा माग बाल्कन देशांतून काढला. तुर्क ती चाल उस्कुदारचे गाणे म्हणून गातात आणि ग्रीकही ती आपली मानतात. इतर देशांतही ‘चाल आमचीच’ हेच उत्तर मिळाले, काही ठिकाणी रागाने.

नावे, अल्पसंख्य आणि पाठ्यपुस्तके

वारशाचा वाद शेवटी माणसांच्या नावापर्यंत येतो. पश्चिम थ्रेसमधल्या मुसलमानांना ग्रीस केवळ ‘मुस्लिम अल्पसंख्य’ मानतो, कारण लोझानच्या तहात तेच शब्द आहेत. त्यांच्यातील अनेक जण स्वतःला तुर्क म्हणवतात. झांथी शहरातील त्यांची संस्था नावात ‘तुर्की’ शब्द असल्याच्या कारणावरून ग्रीक न्यायालयांनी विसर्जित केली, तेव्हा युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००८ मध्ये ग्रीसविरुद्ध निकाल दिला. तुर्कस्तान याच्या उलट टोकाला पॅट्रिआर्कची ‘जागतिक’ ही पदवी मान्य करत नाही. सरकारच्या मते ते फक्त इस्तंबूलच्या ग्रीकांचे धर्मगुरू आहेत. त्यांची हाल्की बेटावरची धर्मशिक्षण संस्था १९७१ पासून बंद आहे. दोन्ही सरकारे अल्पसंख्यांचे हक्क परस्पर सवलतींशी जोडतात, त्यामुळे एकाची शाळा दुसऱ्याच्या मुफ्तीच्या, म्हणजे मुस्लिम धर्माधिकाऱ्याच्या, नेमणुकीवर अडून राहते.

दोन्ही देशांनी हजारो गावांची नावेही बदलली आणि शाळेत नवीन नकाशे शिकवले. २००७ मध्ये ग्रीसमधील सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात १९२२ च्या स्मिर्नाच्या धक्क्यावर लोकांची ‘गर्दी’ झाली, असा सौम्य उल्लेख आल्याने चर्च आणि उजवे पक्ष खवळले. पुस्तक मागे घेण्यात आले.

सहकार्याच्या वाटा

हा वाद अखंड तापलेला नसतो. युद्ध संपून आठच वर्षे झाली असताना, १९३० मध्ये, ग्रीक पंतप्रधान व्हेनिझेलोस अंकाराला गेले आणि १९३४ मध्ये त्यांनी मुस्तफा केमाल यांचे नाव नोबेल शांतता पुरस्कारासाठी सुचवले. ऑगस्ट १९९९ मध्ये इझमितला आणि सप्टेंबरमध्ये अथेन्सला भूकंप झाला, तेव्हा दोन्हीकडची बचाव पथके एकमेकांच्या मदतीला धावली आणि परराष्ट्रमंत्री इस्माइल जेम आणि योर्गोस पापांद्रेऊ यांच्या प्रयत्नांना लोकांचा पाठिंबा मिळाला. काही वर्षांनी गाझियानतेपच्या बकलावावाल्याच्या मुलीचे ग्रीक तरुणाशी लग्न लावणारी एक तुर्की मालिका ग्रीक दूरचित्रवाणीवर प्रचंड गाजली.

सायप्रसमध्ये २००८ पासून दोन्ही समाजांच्या तज्ज्ञांची सांस्कृतिक वारसा समिती काम करते. तिने उत्तरेतील चर्च आणि दक्षिणेतील मशिदी दुरुस्त केल्या आहेत. मूळ मालक कोण, यावर ती निकाल देत नाही. पडणाऱ्या छपराला आधी टेकू देते. ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या पार्थेनॉन शिल्पांच्या प्रश्नातही अनपेक्षित साथ मिळाली. ती शिल्पे नेणारे ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिन यांना तशी परवानगी ऑटोमन सुलतानाच्या फर्मानाने मिळाली होती, असा ब्रिटिश बाजूचा दावा आहे. मे २०२४ मध्ये युनेस्कोच्या बैठकीत तुर्की अधिकारी झेयनेप बोझ यांनी सांगितले की अशा खरेदीला कायदेशीर ठरवणारे कोणतेही कागद तुर्कस्तानला माहीत नाहीत. ग्रीसने हे विधान लगेच उचलून धरले.

या उदाहरणांतून एक नियम निघतो. एखादी गोष्ट दुरुस्त करायची, परत मिळवायची किंवा दोन नावांनी नोंदवायची असते तिथे दोन्ही देशांचे अधिकारी आणि कारागीर मार्ग काढतात. तीच गोष्ट विजयाची किंवा पराभवाची खूण म्हणून सरकारी व्यासपीठावर आणली की मार्ग बंद होतो. अथेन्समध्ये ७ डिसेंबर २०२३ रोजी दोन्ही देशांनी मैत्रीच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, आणि पाच महिन्यांत खोरा मशीद म्हणून उघडल्यामुळे पुन्हा निषेध सुरू झाला. हागिया सोफियाचा वापर, हाल्कीची बंद संस्था आणि पश्चिम थ्रेसमधील मुफ्तींची नेमणूक हे प्रश्न अजून तसेच आहेत. या तिन्हींत प्राचीन काळाचा वाद नाही. १९२३ मध्ये मागे राहिलेल्या माणसांचा आणि वास्तूंचा आहे.